महापूर, वादळ आणि विद्यापीठांचा सेवकवर्ग

‘अतिवृष्टीच्या शक्यतेमुळे उद्या विद्यापीठाचे सर्व विभाग व कार्यालये बंद राहतील’, अशा आशयाचे परिपत्रक दर पावसाळ्यात भारतातील कोणत्या ना कोणत्या विद्यापीठात निघत असते. ते वाचून विद्यार्थ्यांस आनंद होतो, अध्यापकांस साचलेल्या उत्तरपत्रिका तपासावयास एक दिवस मिळतो आणि परिपत्रकावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यास कर्तव्य पार पाडल्याचे समाधान लाभते. परंतु परिपत्रकातील ते वाक्य शब्दशः खरे नसते. ज्या दिवशी विद्यापीठ बंद असते त्या दिवशीही फाटकावर पहारेकरी उभा असतो. वसतिगृहातील चुली पेटलेल्या असतात. पाण्याचा पंप कोणीतरी चालू करतो, वीज गेली की कोणीतरी जनित्र सुरू करतो आणि प्राणिगृहातील उंदरांस व सशांस कोणीतरी दाणापाणी देतो. ‘सर्व बंद’ ह्या दोन शब्दांत ह्या माणसांचा उल्लेख नसतो. आणि ज्यांचा उल्लेख नाही त्यांची काळजी घेण्याची जबाबदारीही कोणाकडे सोपविलेली नसते.

वादळ, महापूर किंवा तत्सम आपत्ती आली असता विद्यापीठाने आपल्या सेवकवर्गाची व्यवस्था कशी लावावी, हा प्रश्न वरवर पाहता कार्यालयीन वाटतो. वस्तुतः तो विज्ञानाचा आहे, कारण त्याचे अर्धे उत्तर हवामानशास्त्र व स्थापत्य ह्यांच्याकडे आहे. तो न्यायाचाही आहे, कारण अशा दिवशी ज्यास घराबाहेर पडावे लागते तो बहुधा सर्वांत कमी वेतनाचा सेवक असतो. ह्या प्रश्नाचे तीन भाग पडतात : विद्यापीठ केव्हा बंद करावे, बंद असताना तेथे कोणी राहावे, आणि त्या राहण्याचा व न राहण्याचा भार कोणी सोसावा.

विद्यापीठ हे एक गावच

एखाद्या कचेरीस संध्याकाळी कुलूप लावून घरी जाता येते. विद्यापीठाचे तसे नाही. त्याच्या वसतिगृहांत शेकडो, कित्येक ठिकाणी हजारो, मुलेमुली राहतात. त्यांतील पुष्कळांचे घर दूरच्या राज्यात असते. त्यांना ‘घरी जा’ म्हणून सांगणे म्हणजे वादळात प्रवासास पाठविणे होय. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत उणे ८० अंश सेल्सिअस तपमानाची शीतकपाटे असतात. वीज गेल्यावर त्यांची दारे न उघडल्यास थंडावा काही तास टिकतो, त्यानंतर अनेक वर्षांच्या श्रमाने जमविलेले नमुने नासू लागतात. रसायनशाळेच्या कोठारात सोडियमसारखी द्रव्ये असतात. पाण्याचा स्पर्श होताच ती पेट घेतात. द्रवरूप नायट्रोजन साठविलेल्या खोलीतील वायुवीजन बंद पडले तर त्या वायूमुळे हवेतील प्राणवायूचे प्रमाण घटते आणि नकळत आत गेलेला मनुष्य गुदमरू शकतो.

शिवाय आपत्तीच्या काळी विद्यापीठाकडे आजूबाजूचा समाज आश्रयासाठी पाहतो. त्याच्या इमारती पक्क्या असतात, पटांगणे विस्तीर्ण असतात आणि भोजनालये मोठी असतात. केरळात ऑगस्ट २०१८ मध्ये पेरियार नदीस महापूर आला तेव्हा कालडी येथील श्रीशंकराचार्य संस्कृत विद्यापीठाच्या आवारातच पाणी शिरले आणि तेथे अडकलेल्या विद्यार्थ्यांची सुटका करावी लागली. आश्रय देणारी जागा स्वतःच आश्रयार्थी होऊ शकते, हे त्या घटनेने दाखविले. तात्पर्य, आपत्तीच्या दिवशी विद्यापीठातील अध्यापन थांबते, परंतु तेथील काम थांबत नाही. पुष्कळदा ते वाढते. म्हणून ‘बंद’ हा शब्द वापरावयाचा असेल तर काय बंद आणि काय चालू, हे त्याच परिपत्रकात स्पष्टपणे लिहिले पाहिजे.

पहिला प्रश्न : केव्हा?

मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २६ जुलै २००५ च्या सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तेथे सरासरीने जो पाऊस पडतो त्याचा हा सुमारे दोन-पंचमांश भाग होता. त्याच काळात शहराच्या दक्षिण टोकास असलेल्या कुलाबा वेधशाळेत केवळ ७३ मिलिमीटर पाऊस पडला. एकाच शहराच्या दोन टोकांत एवढे अंतर पडले ते एका मर्यादित क्षेत्रावर उंच वाढलेल्या ढगांमुळे. दुपारी दोननंतर पावसाचा जोर वाढला, समुद्रास भरती असल्यामुळे पाण्यास उतार मिळेना आणि मिठी नदी काठ सोडून पसरली. मुंबई विद्यापीठाचा कालिना येथील परिसर सांताक्रूझच्या पूर्वेसच आहे, आणि पवई व विहार ह्या ज्या तलावांचे सांडवे मिठीस मिळतात त्यांच्या सान्निध्यात शहरातील दुसरी मोठी विद्यासंस्था, भारतीय तंत्रविज्ञान संस्था, वसलेली आहे.

त्या दुपारी शहरातील असंख्य कचेऱ्यांतील लोक पाऊस वाढलेला पाहून घरी निघाले. लोकलगाड्या थांबल्या, रस्ते पाण्याखाली गेले आणि लक्षावधी माणसे वाटेतच सापडली. शहरात चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत पाण्याने वेढलेल्या मोटारींत गुदमरून मेलेलीही होती. जे कचेरीतच रात्रभर राहिले त्यांचे हाल झाले, परंतु बहुतेकांचा जीव वाचला. ह्या दिवसापासून घ्यावयाचा धडा असा की, घरी सोडण्याचा निर्णय जितका महत्त्वाचा तितकीच त्याची वेळ महत्त्वाची. सकाळी दहा वाजता दिलेली सुट्टी माणसांस वाचविते. तीच सुट्टी दुपारी चार वाजता दिली तर ती त्यांस पाण्यात लोटते. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. त्यामुळे गुडघाभर दिसणारे पाणी धडधाकट माणसाचेही पाय उचलू शकते, आणि त्याखाली उघडे गटार असेल तर ते दिसतही नाही.

मग अधिकाऱ्याने काय करावे? येथे हवामानशास्त्र त्याच्या मदतीस येते. मात्र सर्व आपत्ती सारखी सूचना देत नाहीत, हे त्याने ध्यानात ठेविले पाहिजे. चक्रीवादळ समुद्रावर तयार होते आणि किनाऱ्यावर येण्यास त्यास काही दिवस लागतात. भारतीय हवामानखाते त्याबाबत टप्प्याटप्प्याने इशारे देते : पूर्वसूचना सुमारे ७२ तास आधी, सावधगिरीची सूचना ४८ तास आधी, प्रत्यक्ष धोक्याचा इशारा २४ तास आधी, आणि वादळ जमिनीवर आल्यानंतर काय होईल त्याचा अंदाज सुमारे १२ तास आधी. अतिवृष्टीची गोष्ट निराळी आहे. एखाद्या जिल्ह्यात २०४.४ मिलिमीटरहून अधिक, म्हणजे ‘अत्यंत जोरदार’ ह्या वर्गातील, पाऊस होण्याचा संभव एकदोन दिवस आधी सांगता येतो. परंतु तो जिल्ह्याच्या कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या तासास कोसळेल, हे रडारच्या साहाय्याने पुढील सुमारे तीन तासांपुरतेच विश्वासाने सांगता येते. भूकंप तर मुळीच सूचना देत नाही.

ह्यावरून निर्णयाचे नियमही तीन प्रकारचे असले पाहिजेत. चक्रीवादळाच्या बाबतीत ४८ तासांची सूचना मिळताच अध्यापन थांबवावे, म्हणजे वाहने चालू आहेत तोवर माणसे सुखरूप पोचतील. अतिवृष्टीचा तांबडा इशारा असेल तर आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या दिवसाचा निर्णय जाहीर करावा. पाऊस अनपेक्षितपणे सुरू झाला आणि रस्त्यांवर पाणी चढू लागले, तर कोणासही बाहेर सोडू नये. वरच्या मजल्यांवरील वर्ग उघडावे, पिण्याचे पाणी व साधे जेवण द्यावे आणि घरी निरोप पोचविण्याची व्यवस्था करावी. हे नियम मे महिन्यात लिहून ठेविले असतील तर जुलै महिन्यात कोणा एका अधिकाऱ्याच्या धैर्यावर किंवा संकोचावर विसंबून राहावे लागत नाही.

वेळीच घेतलेल्या निर्णयाचे फळ काय असते ते ओडिशा राज्याने दाखवून दिले आहे. तेथे २९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर राज्याने निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले आणि इशारा मिळताच माणसे हलविण्याची शिस्त अंगी बाणविली. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ ‘फनी’ हे वादळ ताशी १७५ ते १८० किलोमीटर वेगाने किनाऱ्यावर आले तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोक आधीच सुरक्षित स्थळी गेले होते. मृतांचा आकडा साठाच्या आसपास राहिला. वैद्यकीय अभ्यासक्रमांची देशव्यापी प्रवेशपरीक्षा ५ मे रोजी व्हावयाची होती. ओडिशापुरती ती पुढे ढकलून २० मे रोजी घेण्यात आली. परीक्षा पंधरा दिवस पुढे गेल्याने कोणाचे आयुष्य अडले नाही. ती त्याच दिवशी घेण्याचा हट्ट धरला असता तर परीक्षार्थींबरोबर पर्यवेक्षक, शिपाई आणि वाहनचालक ह्यांसही उन्मळून पडलेल्या झाडांतून व विजेच्या तारांतून वाट काढावी लागली असती.

दुसरा प्रश्न : कोणी राहावे?

अनेक देशांतील विद्यापीठे आपल्या सेवकांची दोन वर्गांत विभागणी करतात : ज्यांनी घरी राहावे ते, आणि ज्यांनी कोणत्याही परिस्थितीत कामावर यावे ते. दुसऱ्या वर्गास ‘अत्यावश्यक सेवक’ असे नाव देतात. ही विभागणी योग्यच आहे. परंतु ती करताना एक चूक सर्वत्र घडते. यादी तयार करणारा अधिकारी प्रत्येक विभागास विचारतो, ‘तुम्हांस किती माणसे लागतील?’ खरा प्रश्न असा विचारावयास हवा की, ‘एवढी माणसे का लागतात, आणि ती लागू नयेत म्हणून कोरड्या ऋतूत काय करता येईल?’

अमेरिकेतील दोन उदाहरणे ह्या बाबतीत उद्बोधक आहेत. टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरी अनेक वैद्यकीय विद्यालये व रुग्णालये एकाच परिसरात वसलेली आहेत. ८ व ९ जून २००१ च्या रात्री ‘ॲलिसन’ ह्या वादळाचा पाऊस तेथे कोसळला. इमारतींची तळघरे भुयारांनी एकमेकींस जोडलेली असल्यामुळे पाणी एका तळघरातून दुसऱ्यात शिरले. बेलर वैद्यकीय महाविद्यालय व टेक्सास विद्यापीठाचे वैद्यकीय विद्यालय ह्यांची प्राणिगृहे खालच्या मजल्यांवर होती. हजारो प्रयोगप्राणी बुडून मेले आणि कित्येक संशोधकांची वर्षानुवर्षांची कामगिरी एका रात्रीत नष्ट झाली. त्यानंतर त्या परिसरात पूर रोखणारे दरवाजे बसविण्यात आले.

ह्या घटनेस अकरा वर्षे लोटली. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री ‘सँडी’ वादळाने समुद्राचे पाणी न्यूयॉर्क शहरात लोटले. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील एक प्राणिगृह पुन्हा तळघरातच होते, आणि पुन्हा हजारो उंदीर बुडाले. वीज व पर्यायी वीज ह्या दोन्ही गेल्यामुळे तीनशेहून अधिक रुग्णांस डॉक्टरांनी, परिचारिकांनी व इतर सेवकांनी जिन्यांवरून उचलून खाली आणले. त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी जेथे शिक्षण घेतात त्या शेजारच्या बेलव्ह्यू रुग्णालयात तर विलक्षण प्रसंग ओढवला. जनित्रे तेराव्या मजल्यावर सुरक्षित होती, परंतु त्यांना इंधन पोचविणारे पंप तळघरात होते व ते पाण्याखाली गेले. तेव्हा सेवक व सैनिक ह्यांनी जिन्यावर साखळी करून तेराव्या मजल्यापर्यंत हातोहात इंधन पोचविले.

ह्या प्रसंगाचे वर्णन वाचताना त्या माणसांच्या धैर्याविषयी आदर वाटतो आणि तो वाटावयासच हवा. परंतु एवढ्यावर थांबणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. ती साखळी का लागली? पंप खाली बसविला होता म्हणून. स्थापत्यातील एका चुकीची भरपाई शेकडो हातांस अंधारात करावी लागली. आपत्तीच्या वेळी दाखविलेल्या शौर्याच्या मुळाशी पुष्कळदा आधी केलेली हयगय असते, आणि ती हयगय करणारा व ते शौर्य दाखविणारा हे दोघे वेगवेगळे असतात.

हाच विचार भारतातील विद्यापीठांस लावून पाहावा. जनित्र व त्याचा इंधनपंप तळमजल्यावरून उंच चौथऱ्यावर नेला तर रात्री पाणी उपसण्यासाठी दोन माणसे ठेवावी लागत नाहीत. प्राणिगृह वरच्या मजल्यावर असेल आणि तेथे चार दिवसांचे खाद्य व पाणी भरून ठेवले असेल, तर परिचारकास पुरातून यावे लागत नाही. शीतकपाटांतील तपमान दुरून कळविणारे साधन आता सहज मिळते; ते बसविले तर केवळ काटा पाहण्यासाठी कोणास पाठवावे लागत नाही. परीक्षाविभागातील उत्तरपत्रिका व ग्रंथालयातील दुर्मिळ पोथ्या तळघरात न ठेवता वर ठेविल्या, तर त्या वाचविण्यासाठी मध्यरात्री शिपायांस बोलावण्याचा प्रसंगच येत नाही. अशा रीतीने यादीतील एकेक नाव कमी करता येते. सर्व उपाय योजूनही जी नावे उरतील तेवढीच खरोखर अत्यावश्यक होत.

त्या उरलेल्या माणसांची निवडही आयत्या वेळी होता कामा नये. ज्यांचे घर आवारात किंवा जवळ आहे, जे स्वेच्छेने तयार आहेत, ज्यांच्या घरी तान्हे मूल वा अंथरुणास खिळलेले माणूस नाही, त्यांस आधी विचारावे. प्रत्येक कामास दोन जोड्या ठेवाव्या. पहिली जोडी वादळापूर्वीच आत यावी आणि तिच्या निजण्याची, जेवणाची व औषधांची सोय असावी. दुसरी जोडी वाटा मोकळ्या झाल्यावर तिला मोकळे करावयास यावी. बारा तास जागलेला पहारेकरी किंवा वायरमन हा स्वतःला व इतरांस धोका असतो. विजेचे काम तर थकल्या हातांनी कधीच करू नये. आणि कामावर असलेल्या सेवकासही एक अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला असावा : जीव धोक्यात आहे असे दिसताच जागा सोडण्याचा. कोणतेही यंत्र, कोणताही नमुना, कोणतीही पोथी माणसाच्या जिवापेक्षा मोलाची नाही, हे वाक्य परिपत्रकात छापलेले असले पाहिजे. ते न छापल्यास आज्ञाधारक माणूस जागा सोडत नाही.

तिसरा प्रश्न : भार कोणी सोसावा?

विद्यापीठ एक दिवस बंद राहिले तर कायम नोकरीतील अध्यापकाच्या वेतनात काही फरक पडत नाही. रोजंदारीवरील माळ्याच्या वेतनात पडतो. पहारा, सफाई व भोजनालय ही कामे आज अनेक विद्यापीठांत ठेकेदारामार्फत चालतात, आणि ठेकेदाराचा हिशेब हजेरीपटावर चालतो. त्यामुळे असा सेवक पाण्यातून वाट काढीत येतो. त्याच्या येण्यास त्याची निष्ठा जेवढी कारण असते तेवढीच दिवसाचा रोज बुडण्याची भीतीही असते. ज्यास न येण्याची मोकळीक परवडत नाही त्यास ‘शक्य असल्यास यावे’ असे सांगणे म्हणजे काहीच न सांगण्यासारखे आहे.

ह्या बाबतीत भारतात एक चांगला पायंडा पडून गेला आहे. २०२० साली साथीमुळे टाळेबंदी आली तेव्हा केंद्र सरकारच्या अर्थखात्याने २३ मार्च २०२० रोजी अशी आज्ञा काढली की, टाळेबंदीमुळे घरी राहावे लागलेल्या कंत्राटी, नैमित्तिक व बाहेरील संस्थेमार्फत नेमलेल्या सेवकांस कामावर हजर समजावे व त्यांचे वेतन द्यावे. ती आज्ञा ३० एप्रिल २०२० पर्यंतच्या काळापुरती होती. परंतु तिच्यातील तत्त्व मुदतीपुरते नाही. संस्थेने स्वतःच दार बंद केले असेल तर त्या दिवसाचा भुर्दंड दाराबाहेर राहिलेल्या गरीब माणसाच्या माथी मारू नये, हे ते तत्त्व होय. महामारीस ते लागू पडले तसे महापुरासही पडावे.

वेतन देण्याची इच्छा असून भागत नाही. त्याची साधनेही सुरक्षित असावी लागतात. न्यू ऑर्लिन्स येथील टुलेन विद्यापीठात २७ ऑगस्ट २००५ रोजी नव्या विद्यार्थ्यांचे आगमन चालू असतानाच ‘कॅटरिना’ वादळ शहराकडे वळल्याची वार्ता आली. विद्यापीठाने त्याच दिवशी पालकांस मुलांना घेऊन परत जावयास सांगितले आणि ज्यांना जाणे शक्य नव्हते त्यांना बसगाड्यांनी जॅक्सन शहरी हलविले. २९ ऑगस्टच्या वादळानंतर शहराचे बांध फुटले. विद्यापीठाचे ते संपूर्ण सत्र बुडाले आणि जानेवारी २००६ मध्ये त्याची दारे पुन्हा उघडली. मधल्या काळात सेवक देशभर विखुरले होते आणि वेतनाच्या नोंदींचे संगणक पाण्याने वेढलेल्या शहरात अडकले होते. त्या नोंदींच्या फिती बाहेर काढून आणाव्या लागल्या, तेव्हा कोठे वेतनाची व्यवस्था लागली. पूर्णवेळ सेवकांचे वेतन विद्यापीठाने त्या सत्रात चालू ठेविले. परंतु नुकसान इतके मोठे होते की डिसेंबर २००५ मध्ये दोनशेहून अधिक अध्यापकांस सेवामुक्त करण्यात आले. ह्या हकिगतीत दोन बोध आहेत. सेवकांची नावे, पत्ते, दूरध्वनी व बँकेच्या खात्यांच्या नोंदी ह्यांची एक प्रत दुसऱ्या शहरात ठेवणे हा पहिला. आपत्तीसाठी वेगळा निधी राखून ठेवणे हा दुसरा. कारण रिकाम्या तिजोरीतून सदिच्छेला पैसा काढता येत नाही.

काही आक्षेप

ह्या सर्व सूचनांवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, इशारे पुष्कळदा खोटे ठरतात. प्रत्येक तांबड्या इशाऱ्यास सुट्टी दिली तर अध्यापन कसे पुरे होणार? आक्षेप निराधार नाही. अंदाज हा संभाव्यतेचा असतो आणि काही वेळा पाऊस येत नाही. परंतु दोन चुकांची किंमत सारखी नसते. वर्षाकाठी किमान १८० अध्यापन-दिवसांचा दंडक विद्यापीठांस असतो; त्यांतील बुडालेला एक दिवस रविवारी वा सुट्टीत भरून काढता येतो. बुडालेला माणूस भरून काढता येत नाही. वेळापत्रकातच दरवर्षी चारपाच दिवस ह्या कारणासाठी राखून ठेविले तर हा आक्षेप आपोआप दूर होईल.

दुसरा आक्षेप शिस्तीचा आहे. घरी राहूनही वेतन मिळते असे कळल्यावर लोक सवलतीचा गैरफायदा घेतील, अशी भीती व्यक्त केली जाते. काही जण घेतीलही. परंतु आदल्या संध्याकाळी कुलसचिवांच्या सहीने निघालेल्या आज्ञेचा गैरफायदा कसा घेता येईल, हे समजणे कठीण आहे. जेथे आज्ञा संदिग्ध असते तेथेच चलाख मनुष्य घरी राहतो आणि भिडस्त मनुष्य पुरातून येतो. शिस्त राखावयाची असेल तर प्रथम आज्ञा निःसंदिग्ध केली पाहिजे.

तिसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. जनित्र उंचावर नेणे, प्राणिगृह हलविणे, नोंदींची प्रत ठेवणे ह्या साऱ्यास पैसा लागतो आणि लहान विद्यापीठांपाशी तो नसतो. ह्यावर उत्तर एवढेच की, सर्व गोष्टी एका वर्षात करावयास नकोत. परंतु कोणती आधी करावयाची ह्याची यादी मात्र ह्याच वर्षी करता येते. आणि जी यादी करण्यास सर्वांत कमी खर्च येतो तीच सर्वांत उपयुक्त आहे : आपत्तीच्या रात्री आवारात कोण असेल, कोठे असेल, त्याच्यापाशी कोणता दूरध्वनी असेल आणि त्यास मोकळे करावयास कोण येईल.

विद्यापीठासंबंधी जे येथे सांगितले ते लहान प्रमाणावर शाळेस व सार्वजनिक ग्रंथालयासही लागू पडते. शाळेची घंटा वाजविणारा शिपाई, ग्रंथालयाचे दार सकाळी उघडणारा सेवक ह्यांचाही सुट्टीच्या फलकावर विचार झालेला नसतो. पावसाळ्यापूर्वी मुख्याध्यापकांनी व ग्रंथपालांनी आपल्या सेवकांस एकत्र बसवून प्रत्येक जण कोठे राहतो, त्याच्या वाटेवर कोणता ओढा वा सखल रस्ता लागतो आणि पाणी वाढल्यास त्याने काय करावे, एवढे विचारून लिहून ठेविले तरी पुष्कळ होईल. अशी बैठक घेण्यास एक दुपार पुरते. त्यानंतर जेव्हा ‘उद्या सर्व बंद’ असे लिहिले जाईल तेव्हा त्याखाली आणखी एक ओळ लिहिता येईल : अमुक अमुक सेवक आत राहतील, त्यांच्या जेवणाची व मुक्कामाची सोय अमुक ठिकाणी केलेली आहे, परवा सकाळी त्यांस अमुक अमुक मोकळे करतील, आणि उरलेल्या सर्वांची हजेरी पूर्ण धरली जाईल. ही ओळ ज्या संस्थेच्या परिपत्रकात असेल ती संस्था आपत्तीस तयार आहे, असे खुशाल समजावे.